फ्रीजमागच्या पाण्यातून

मी डासाची मादी बोलतेय. आमच्यात नर चावत नाहीत, चावतो ते आम्हीच, हे आधीच कबूल करते.

माझा जन्म एका शिक्षिकेच्या घरातला. बाई स्वच्छतेच्या बाबतीत भारी कडक. दर रविवारी पिंप उपडं, कुंड्यांखालच्या बशा कोरड्या. डासांची तपासणी करायला येणारा माणूस म्हणायचा, "ताई, तुमच्याकडे बघायला काही नसतंच." बाई खूश व्हायच्या. पण फ्रीजच्या मागे पाणी साचणारा ट्रे असतो, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

त्या ट्रेच्या कडेला चिकटवलेल्या अंड्यातून मी निघाले. अळी होते. डोकं खाली, शेपटीकडची नळी पाण्याबाहेर, श्वास तिनेच घ्यायचा. चार वेळा कात टाकली आणि कोष झाले. मग दोन दिवस खाणं बंद. आतल्या आत जुनं शरीर मोडत होतं, नवं घडत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाठ उलली आणि माझ्याच सालीवर उभी राहून मी पंख वाळवले. तोवर मी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

पंख आले तशी भूक बदलली. अंडी घालायची तर रक्त हवं. बाईंचे यजमान परगावाहून तापाने फणफणून आले होते, मी त्यांना चावले. ते आठवड्यात उठून बसले, त्यांचा ताप मात्र माझ्या अंगात मुरत राहिला. दहा-बारा दिवसांनी, भरदुपारी, अभ्यास करणाऱ्या थोरल्या मुलीच्या घोट्यावर मी बसले.

"आई, डास चावला गं."

"आपल्याकडे कुठला डास? बाहेरून आला असेल. खिडकी लाव."

तिने खिडकी लावली. मी आतच राहिले.

पोर पुढच्या आठवड्यात तापली. पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

बाई समोरच्या काकूंच्या दारात जाऊन म्हणाल्या, "तुमच्या कुंड्यांनी माझं लेकरू खाल्लं." दुसऱ्या दिवशी काकूंनी सगळ्या कुंड्या टाकून दिल्या. मला बोलता येत असतं तर त्याच वेळी बोलले असते.

आज बाई एकट्याच खुर्चीत बसल्यात. मी त्यांच्या मनगटावर उतरले. त्यांनी मला नीट पाहिलं. हात काही उचलला नाही.

मारा हो बाई. हा ताप मरेपर्यंत माझ्या अंगातून जायचा नाही, आणि धाकटीची शाळा आता सुटेल.