टँकर सहाला येतो

साहेब, तुम्ही खोटं छापलंय. पत्रकावर लाल अक्षरांत 'तरुण गोठेवाल्यांसाठी नेतृत्व विकास कार्यक्रम' असं लिहिलंत आणि खाली वेळ टाकलीत सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. संध्याकाळी पाच वाजता ज्याला गाईखाली बसावं लागत नाही असा एक तरी गोठेवाला दाखवा. असेलच एखादा, तर त्याच्या गोठ्यात दुसरंच कुणीतरी राबत असणार. म्हणजे तुमचा कार्यक्रम राबणाऱ्यांसाठी नव्हता, राबवून घेणाऱ्यांसाठी होता. हे ठाऊक नव्हतं म्हणाल, तर दूध संघाच्या खुर्चीत बसून तुम्ही इतकी वर्षं काय उबवलंत? आणि ठाऊक असूनही छापलंत म्हणाल, तर मग बोलणंच खुंटलं.

बावीस जणांच्या त्या वर्गात हे बोलायची खाज एकटीलाच होती. तिला सगळे गोचीड म्हणत.

नाव आत्यानं ठेवलेलं. पाच वर्षांची असताना तिनं एका कालवडीची शेपटी धरली आणि अख्खं आवार फरफटत गेली. गुडघे सोलवटले, फ्रॉक फाटला, पण शेपटी काही सोडली नाही. आत्या म्हणाली, "ही पोर नव्हे, गोचीड आहे." आता पंचविशीला आली, अकरा गाई सांभाळते, तरी नाव तेच. तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नवखा बिचकत "तुम्हाला काय म्हणायचं?" असं विचारू लागला, की ती स्वतःच सांगून मोकळी व्हायची.

घरात ती आणि आत्या, दोघीच. धारा हातानंच. सहा गाई गोचिडीच्या, पाच आत्याच्या. साडेचारला बसलं की कशीबशी सहाला किटल्या रस्त्यावर पोचायच्या, कारण संघाचा टँकर सहाला येतो. सहा म्हणजे सहा. दोन लांब, एक आखूड असा भोंगा वाजवतो, दहा मिनिटं थांबतो आणि निघून जातो. त्यानंतर दूध आणलं, तर ते परत घरी न्यायचं. एकदा असंच चार किटल्या दूध परत आलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "आता काय, दोघींनी यात पोहायला शिकायचं?"

टँकर साडेसहाला यावा, एवढंच गोचिडीला हवं होतं. जो एकट्या जिवावर गोठा ओढतो त्याला अर्धा तास मिळावा. हे मांडायचं तर संघाच्या मंडळावर जावं लागतं. मंडळावर तरुणांसाठी जागा एकच, आणि तीसुद्धा हा सहा शनिवारांचा कार्यक्रम पुरा करणाऱ्यालाच. तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कापलं.

गोचिडीच्या दोन झाल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी पहिलारू गाईनं लाथ झाडली आणि आत्याचं मनगट भोपळ्यासारखं सुजलं. पहिले तीन शनिवार आत्यानं एकटीनं लवकर बसून अकराच्या अकरा काढल्या होत्या. मागचे दोन शनिवार गोचीड साडेतीनला वर्गातून उठून धारेला पळाली होती. दिवसभर बसली ते कुणी धरलं नाही. शेवटचं सत्र चुकलं म्हणून अख्ख्या दिवसावर फुली.

शेवटच्या शनिवारी ती निघाली तेव्हा आत्या पट्टी बांधलेला हात छातीशी धरून दारात उभी होती.

"एका हातानं मी फार तर टँकरला टाटा करीन," आत्या म्हणाली.

"साडेतीनला सुटते ना मी."

"मग नाव कापतील."

"बघू."

"बघू काय? कापलं तर त्या तुझ्या मास्तराला गाडीवर घालून इकडं आण. पहिलारूखाली बसवते त्याला. काय विकास व्हायचा तो एका लाथेत होईल."

वर्ग संघाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर भरायचा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, घुंई घुंई करणारा कूलर, भिंतीवर डोंगराच्या टोकावर उभ्या राहिलेल्या माणसाचं चित्र. तो माणूस तिथं काय करत होता आणि त्याची जनावरं कोण बघत होतं, हे कुणी लिहिलं नव्हतं. प्रशिक्षकांच्या कॉलरला माइक असायचा. खोली एवढीशी, की मागच्या रांगेतली शिंक पुढच्याच्या मानेवर पडावी. तरी माइक पाहिजेच.

गोचिडीनं आल्या आल्या त्यांना गाठलं.

"सर, आज साडेतीनला सोडा. घरी धारेला कुणी नाही."

"ताई, मागच्या वेळी काय शिकलो आपण? नेत्याला प्राधान्यक्रम ठरवता आला पाहिजे."

"ठरवलाय. आधी गाय."

"मग नियमही ठाऊक असेल तुम्हाला." सरांनी हजेरीपटावर पेनची टोपी आपटली. विषय संपला.

दुपारच्या जेवणानंतर सरांनी खिडक्यांचे पडदे ओढले, मोबाइलवर बासरी लावली आणि आवाज मऊ केला. "डोळे मिटा. श्वास खोल घ्या. पाच वर्षांनंतरचे स्वतः तुम्ही... दिसताय का?"

आता हे बावीसच्या बावीस लोक पहाटे चारला उठलेले. पोटात जेवण, अंगावर कूलरचा वारा, खोलीत अंधार, वर बासरी. बसल्या जागी डोळे मिटायला कुणी साहेबानं स्वतःहून सांगावं, हे सुख त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला लाभलं नव्हतं. दीड मिनिटात वर्ग पाच वर्षं पुढं न जाता थेट पाताळात गेला. पैलवान नावाचा आडदांड गडी तर असा घोरायला लागला की बासरीनं लाजून गप्प व्हावं.

जागी फक्त गोचीड. तिचे डोळे घड्याळावर. सव्वातीन.

तेवढ्यात दार उघडलं आणि संघाचे मोठे साहेब आत आले. मागे फोटोवाला. साहेबांनी उद्याच्या नेतृत्वावरून नजर फिरवली. एकाची मान मागं लोंबकळत होती, दुसऱ्याचं डोकं तिसऱ्याच्या खांद्यावर, आणि पैलवानाच्या तोंडातून लाळेची एक तार वहीपर्यंत पोचली होती. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला आणि परत खाली घेतला.

सर घामाघूम झाले. माइक चालू, त्यामुळे ओरडायची सोय नाही. त्यांनी गोचिडीला हातानं खुणावलं, उठवा, यांना उठवा!

गोचीड उभी राहिली. दोन्ही तळवे तोंडापुढं धरले, छातीत वारा भरला आणि भोंगा दिला. पोंऽऽऽ, पोंऽऽऽ, पँ!

संघाच्या सगळ्या टँकरांचा भोंगा एकच. पुढं जे झालं त्याला उठणं म्हणत नाहीत. एकवीस माणसं डोळे मिटलेलीच उडाली. खुर्च्या आडव्या झाल्या. "आला! आला!" "थांबव त्याला!" "अगं, झाकण लाव!" असा कल्लोळ करत लोंढा दाराकडं सुटला. दारात साहेब होते. साहेब लोंढ्याबरोबर वळले, जिना उतरले आणि सगळ्यांच्या पुढं खालच्या आवारात पोचले. संघाचं नेतृत्व त्यांनी इतकं आघाडीवरून आधी कधीच केलं नव्हतं.

"माझी किटली?" पैलवान आवारात गोल गोल फिरत होता. "माझी किटली कुणी घेतली?"

मग एकेकाचे डोळे उघडले. आवारात टँकर नव्हता, किटल्या नव्हत्या. होते फक्त शर्टाचं एक बटण गमावलेले साहेब. आधी एक जण फिसकन हसला, मग दुसरा, आणि मग पोट धरधरून सगळेच. साहेबसुद्धा हसले. दुसरं करणार काय?

गोचिडीनं गाडीची चावी काढली. साडेतीन झाले होते.

"कुठं निघालीस?" पैलवानानं विचारलं.

"धारेला."

"अगं, शेवटचं सत्र. नाव जाईल तुझं."

"तिकडं अकरा कासा तटतटून उभ्या राहतील. नाव घेऊन काय करू, कासेला चोळू?" आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या कोण काढतं रे आत्ता?"

"बायको."

"आणि मागचे पाच शनिवार?"

"बायकोच."

"आणि एरवी?"

पैलवानानं मान खाजवली. "एरवी... म्हणजे तशी... बायकोच."

"मग या वर्गात तू कशाला आलायस?"

मघापासून हसणाऱ्यांपैकी निम्म्यांचं हसू गालातच अडकलं. ज्यांची हजेरी पूर्ण होती त्या प्रत्येकाच्या घरी त्या वेळी कुणाची तरी बायको, आई नाहीतर वहिनी बादली विसळत होती. पैलवान मात्र मनानं साफ. त्याला राग आला नाही, लाज आली, आणि लाज आली की तो लगेच कामाला लागायचा.

"चावी दे," तो म्हणाला.

"कसली?"

"तुझ्या गाडीची. मी काढतो तुझ्या धारा. तू वर जा."

"तुला गैरहजेरी लागेल."

"एकच लागेल."

"अरे, त्या जागेसाठी तुझंही नाव आहे."

"असू दे की. भांडू नंतर."

गोचिडीनं चावी त्याच्या तळव्यावर ठेवली, पण सोडवेना. "पहिलारू नवख्याला पान्हा सोडत नाही. आत्याला तिच्या तोंडाशी उभी कर. आवाज ओळखीचा पाहिजे. बोलत राहा म्हणावं."

"तुझ्या आत्याला बोलत राहा म्हणून सांगावं लागतं?" पैलवान म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

सगळे वर गेले. जिन्यात साहेबांनी गोचिडीला थांबवलं. "भोंगा तुमचाच ना? धमक आहे तुमच्यात. मंडळावर अशी माणसं हवीत." त्यांनी खिशातून त्या जागेच्या नावांची यादी काढून तिच्या नावापुढची पेन्सिलीची खूण दाखवली. "आता शेवटी दोन शब्द छान बोला, म्हणजे झालं."

गोचिडीचे पाय जमिनीवर ठरेनात. साडेसहाचा टँकर तिला वळणावर दिसायलाच लागला. बासरीशिवाय.

सव्वापाचला फोन थरथरला. ती पुढच्या खुर्चीआड वाकली.

"हा कुठला रेडा पाठवलायस?" आत्या फोनमध्ये तोफेसारखी होती. "गाईच्या डाव्या अंगाला बसला! उजवीकडून बसतात हे आपल्या मांजराला कळतं. गाईनं मान वळवून याच्याकडं पाहिलं, घरात शिरलेल्या परक्या माणसाकडं बघावं तसं."

"बादली उडवली?"

"बादली शहाणी, बाजूला होती. हाच उडाला. आता बसलाय नीट. मी बडबडतेय, तो काढतोय. आठवी चालू आहे. हात चांगला आहे गं मेल्याचा, पण गंजलाय."

"सहापर्यंत होईल?"

"तू तिकडं बोल. इकडचं मी बघते."

शेवटचं सत्र 'माझी एक सूचना'. प्रत्येकाला एक मिनिट. कुणी म्हणालं कार्यक्रम उत्तम होता, कुणी म्हणालं अत्युत्तम होता, एक जण म्हणाला कूलर फारच छान होता. सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. गोचिडीची पाळी आली तेव्हा घड्याळात पावणेसहाला दोन मिनिटं कमी होती.

"माझी सूचना नाही," ती म्हणाली. "प्रश्न आहे. कार्यक्रमाची वेळ धारेच्या वेळेवर कुणी ठेवली? आणि आम्ही इथं बसलो असताना ज्या बाया आमच्या गाईंखाली बसल्या, त्यांना हे पत्रक कुणी का पाठवलं नाही?"

सर टाळी वाजवायला निघाले होते. हात हवेतच राहिले.

"चांगला मुद्दा आहे," साहेब हसून म्हणाले. "विचार करू."

"किती वाजता?"

मागून कुणीतरी खुदकलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी यादी काढली आणि पेन्सिल उलटी धरली, खोडरबराचं टोक खाली. आवाज चढवला नाही. "ताई, सगळं छान चाललंय. मंडळावर या, तिथं रीतसर मांडा. आत्ता बसा."

गोचिडीला ते खोडरबर स्वच्छ दिसलं. आत्याचं मनगट दिसलं, परत आलेल्या चार किटल्या दिसल्या. बसलं की जागा मिळत होती. पण आज गप्प बसून मिळालेल्या जागेवर उद्या तोंड उघडता येणार नाही, हेही तिला तितकंच स्वच्छ दिसलं. ती उभीच राहिली.

"सांगा ना साहेब," मागच्या रांगेतून कूलरची स्तुती करणारा म्हणाला. "घरी गेल्यावर माझी आईपण हेच विचारणार आहे." तो उठला. त्याच्या शेजारचा उठला. खुर्च्या करकरल्या आणि सगळा वर्ग उभा राहिला. या वेळी सगळे पुरते जागे होते.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "मला पुढं एक बैठक आहे. उशीर होतोय."

गोचिडीच्या हातातला फोन थरथरला. आत्या होती. 'अकरा झाल्या. रेडा किटल्या घेऊन रस्त्यावर उभा.' वाचता वाचता ती हसली. तीन आठवड्यांत तिला प्रथमच कुठंही पळायचं नव्हतं. तिनं खुर्ची उचलली, दारात नेऊन मांडली आणि तिच्यावर ऐसपैस बसली.

"माझ्या धारा आटपल्या, साहेब. मला घाई नाही. खूण खोडायची तर खोडा, पण सांगा, ही वेळ कुणी ठरवली?"