बापदेव, नोंद क्रमांक सतरा

अलिबागेतल्या प्राचीन वस्तू मंडळाच्या संग्रहालयाला आठ महिन्यांत चौदा प्रेक्षक लाभले होते. त्यांतले पाच दस्तनोंदणीची कचेरी शोधत आले होते आणि एक पाणी प्यायला. दत्तात्रेय नागावकर, बी.ए., यांनी चौदाही जणांच्या सह्या वहीत घेतल्या होत्या. पाणी पिणाऱ्याला तर सही केल्यावरच पेला मिळाला.

मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे वकील रावसाहेबांनी, अट साफ घातली होती. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत शंभर प्रेक्षक झाले तर संग्रहालय राहील. नाहीतर संग्रहालयाचा दिवाणखाना वकिलांच्या क्लबाला. क्लबाने मुंबईला बिलियर्डचं टेबल पसंतही करून ठेवलं होतं.

"नागावकर, इतिहास कुठं पळून जात नाही," रावसाहेब म्हणाले होते, "टेबलाला मात्र उभं राहायला जागा लागते."

जागा नागावकरांनाही लागत होती. ते संग्रहालयाच्या मागच्याच खोलीत राहत, आणि बी.ए.ला इतिहास घेतलेल्या माणसाला सन एकोणतीस साली दुसरीकडे कोण विचारणार होतं?

संग्रहालय म्हणजे सोळा किरकोळ वस्तू आणि एक दगड. सोळांपैकी अकरा तोफेचे गोळे होते, आणि एक गोळा पाहिलेल्या माणसाला उरलेल्या दहांची फारशी ओढ राहत नसे. दगड मात्र अस्सल. कमरेइतका उंच वीरगळ. ढालतलवार घेतलेला वीर, डोक्यावर चंद्रसूर्य. उन्हाळ्यात बोर्ली पंचतनजवळ शेताच्या बांधावर तो दत्तात्रेयांना दिसला. त्यांनी खोतांना विचारलं. "न्या की!" खोत म्हणाले. स्वतःची नसलेली वस्तू देताना खोतांचा हात नेहमीच सैल सुटे. दगड गाडीतून, मग मचव्यातून अलिबागेस आला, त्याला सतरावा क्रमांक मिळाला आणि गळ्यात पुठ्ठा आला: 'वीरगळ. हात लावू नये.'

दसरा उलटला तरी आकडा चौदावरच होता. आणि एका सकाळी सहा माणसं दारात उभी राहिली. दत्तात्रेय आनंदाने वही घेऊन धावले.

"आमचा बापदेव हितं हाय काय?" पुढे असलेल्या म्हातारीने विचारलं. ही बायजा. बोर्लीहून दिघीला चालत, तरीने खाडी ओलांडून, मुरूड-काशीद करत दोन दिवसांनी पोचली होती, आणि दोन्ही दिवसांचा राग तिने जपून आणला होता. "गावाला न इचारता देव उचलला! शिवेवर राखनदार न्हाय तर डुकरं भातात नाचत्यात. देव घिऊन जानार आमी."

सतरातून एक वजा केला की उरतं काय, हे दत्तात्रेयांना गोळे न मोजताही कळत होतं. त्यांनी शिलालेख, तेरावं शतक, संशोधन असं काहीबाही सांगून पाहिलं. बायजा ऐकत नव्हती. ती पुठ्ठ्याकडे बघत होती.

"बाबाजी, काय लिवलंय रं?"

बाबाजी गावचा भगत. एकेक अक्षर धरून त्याने वाचलं. "हात... लावू... नये."

 मग एकेकाने वहाणा काढून बाहेर ठेवल्या.

"केवढं सोवळं!" बायजाचा आवाज खाली आला. "आपल्याकडं बकऱ्या अंग घासायच्या देवाला. नामा तर घोंगडी वाळत घालायचा."

"एकदाच घातलेली," मागून नामा म्हणाला.

आता पेच पडला. घरचा देव न्यावा, तर त्याला इथे अधिक मान. अशा वेळी गाव करतं तेच त्यांनी करायचं ठरवलं: देवालाच कौल विचारायचा. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली एकेक पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर देव इथेच राहील, डावी पडली तर घरी येईल.

"पन लावनार कोन?" बाबाजीने हात मागे घेतला. "मला हात लावाय मनाई हाय."

बाराही डोळे दत्तात्रेयांकडे वळले.

दत्तात्रेयांनी धोतराचा काचा मारला. विद्यापीठाने त्यांना पुराव्याशी प्रामाणिक राहायला शिकवलं होतं, पण पुराव्याला पाकळी कशी चिकटवावी हे अभ्यासक्रमात नव्हतं. उजवी पाकळी त्यांनी नुसती टेकवली. डावी लावताना अंगठ्याने अशी दाबली, की ती पुढच्या शतकापर्यंत टिकावी.

सगळे फरशीवर बसले. अर्धा तास गेला. देव विचार करत होता. तेवढ्यात रावसाहेब आत आले, मागून फूटपट्टी घेतलेला भिकू सुतार. "क्लबाच्या टेबलाचं माप घे रे," त्यांनी दारातूनच फर्मावलं.

"नागावकर, ही माणसं कोण?"

"प्रेक्षक, रावसाहेब. सहा."

"खाली का बसलेत?"

"बारकाईने पाहतायत."

"ओ दादा," बायजा गरजली, "पायतानं भायेर काडा आदी! देवाचं घर हाय का क्लब?"

रावसाहेबांनी आयुष्यात इतका अचूक प्रश्न कोर्टातसुद्धा ऐकला नव्हता. गडबडीत त्यांनी एक पंपशू काढला, दुसरा काढताना तोल गेला आणि भिकूच्या हातातली पट्टी फाडकन फरशीवर आपटली.

उजवी पाकळी पडली.

"ऱ्हातो म्हनाला!" बाबाजीने हात जोडले. सहाही जण आडवे झाले. रावसाहेब एका पायात पंपशू घालून उभे होते. आडव्या माणसांवरून माप घेता येईना, तेव्हा ते भिकूला घेऊन "उद्या बघू" म्हणत निघून गेले.

वहीत सहा अंगठे उमटले. वीस झाले. शंभराला अजून ऐंशी हवे होते आणि पाडवा दोन आठवड्यांवर होता. दत्तात्रेय पाहुण्यांना पोचवायला पायरीपर्यंत आले. बाकीचे पुढे गेले, बायजा मागे थांबली.

"डावी दाबलीत, मास्तर."

दत्तात्रेयांनी अंगठा मुठीत लपवला. "म्हणजे... मी..."

"घाबरू नका. बाबाजीचा बाप बी दाबायचा. झ्याक दाबायचा. तवा गाव सुतासारकं सरळ होतं. हा बाबाजी भोळा. दोनी बाजू सारक्या लावतो, म्हनून एक कौल धड निगत न्हाय."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"कशापायी? ज्याला देव हवा, तो दाबतो. आमच्यातला एक तरी पुढं झाला काय?" तिने पदर खोचला. "आता ऐका. होळीचा मान वरच्या वाडीचा का खालच्या, याच्यावर धा वर्सं डोकी फुटत्यात. दोनी वाड्यांना घिऊन येत्ये, देवालाच इचारू. उजवी पडली तर खालची वाडी. उजवी पडाय पायजे."

"तुम्ही कुठल्या वाडीच्या, आजी?"

"खालच्या."

दत्तात्रेयांनी सत्य, निःपक्षपात, साधनांची छाननी, सगळं एकदा मनात आठवून पाहिलं.

"दोन्ही वाड्या मिळून माणसं किती?"

"नव्वद. पोरं धरून सव्वाशे."

"पोरं धरा," दत्तात्रेय म्हणाले. "आणि पाडव्याच्या आधी या. वरच्या वाडीचेही सगळे येतील ना?"

"ते तर आदी येतील." बायजा दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "त्यांच्यातला कुनी गुपचूप तुमच्याकडं आलाच, मास्तर, तर त्याचा आंगठा वहीत घ्या. पन त्याचं ऐकू नका."