दोनच्या वरचं रिकामं वर्तुळ

धाकट्या जावेचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मला अक्षर येत नव्हतं तेव्हापासून माहीत होतं. ती नववी शिकून या घरात आली. मी तोवर दहा वर्षं इथं राबून अंगठाच उठवत होते. आलेलं पत्र थेट तिच्या हातात जायचं. वाचताना ती मध्येच थांबून हसायची आणि सासूबाई "काय गं, काय लिहिलंय?" म्हणत तिच्याकडे सरकायच्या. माझ्याकडे असं कधी कोणी सरकलं नाही.

बावन्नाव्या वर्षी मी प्रौढांच्या शाळेत नाव घातलं. मुळाक्षरांपासून बीजगणितापर्यंत यायला अकरा वर्षं लागली. गणितात माझं डोकं चालतं हे कळल्यावर मला वाटलं, ही जागा तरी आपली एकटीची. तर दोन वर्षांपूर्वी धाकटी म्हणाली, "जाऊबाई, दुपारी दुकान बंदच असतं, मीपण येते." आली, आणि माझ्याच बाकावर बसली.

आमचं दुकान शाळेच्या गणवेशांचं. मी कापते, धाकटी काज-बटणं करते. शर्टांच्या प्रत्येक गठ्ठ्याला एक चिठ्ठी टाचलेली असते आणि तिच्यावर प्रत्येक कामाचा एक छोटा गोल. काम झालं की गोल पेन्सिलीनं काळा करायचा. मला लिहिता येत नव्हतं तेव्हा ही पद्धत पडली, ती पुढेही तशीच राहिली. रिकामा गोल दिसला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

या वर्षी गणिताच्या बाईंना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तीन आठवडे रजा घ्यायची होती. तेवढे दिवस वर्ग आमच्यातल्याच कोणीतरी घ्यावा, असं त्यांच्या मनात होतं. सगळ्यांना ठाऊक होतं की ती एक तर मी असेन, नाहीतर धाकटी. बाईंनी आम्हा दोघींना एकच गणित घरी दिलं आणि सांगितलं, जिचा आलेख बिनचूक, तिनं वर्ग घ्यायचा.

फलन असं होतं: वर x चा वर्ग वजा चार, खाली x चा वर्ग वजा तीन x अधिक दोन. अशा आलेखात आधी छेद कुठं शून्य होतो ते पाहायचं, कारण शून्यानं भागता येत नाही. तिथं उभी तुटक रेघ मारायची. वक्र त्या रेघेच्या कडेनं वर किंवा खाली पळत सुटतो, पण तिला शिवत नाही.

छेद एकला शून्य होत होता आणि दोनलाही. मी दोन तुटक रेघा मारल्या. पण दोनच्या आसपासच्या किमती काढल्या तर एक दशांश नऊला चारच्या थोडं वर, दोन दशांश एकला चारच्या थोडं खाली. वक्र पळायला तयारच नव्हता. गरीब गाईसारखा चारच्या दिशेनं चालला होता. दोन दिवस मी त्या रेघेपुढे बसून राहिले. कापताना एक बाहीसुद्धा उलटी कापली.

तिसऱ्या दिवशी धाकटी दोरे आणायला बाहेर गेली. तिची वही टेबलावर होती. मी उघडली. एकच तुटक रेघ, एकला. आणि दोनच्या वर, चारच्या उंचीवर, वक्राच्या मध्येच एक छोटं रिकामं वर्तुळ. बघताक्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. दोनला छेद शून्य होतो तसा अंशही शून्य होतो. x वजा दोन वरही आहे, खालीही आहे. ते गेलं की वर उरतं x अधिक दोन आणि खाली x वजा एक. वक्र तिथून सरळ जातो, फक्त त्या एका बिंदूची जागा रिकामी राहते, कारण मूळ फलनाला तिथं किंमतच नाही.

कळल्याचा आनंद क्षणभरही टिकला नाही. हे तिला आधी कळलं होतं. कोणाची वही न उघडता कळलं होतं. मी माझी दुसरी रेघ खोडली, तिच्या जागी वर्तुळ काढलं. मग पेन्सिल घेऊन तिचं वर्तुळ काळं करून टाकलं. एक ठिपका, झालं. वक्र सलग झाला आणि आलेख चुकला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. धाकटीला विचारलं, इथं बिंदू भरलेला कसा? ती वहीकडे बघत राहिली. मग कानकोंडी होऊन हसली आणि म्हणाली, "रिकामाच काढला होता हो बाई. दुकानातल्या सवयीनं माझाच हात फिरला असणार."

वर्ग मला मिळाला.

दोन दिवस मी हवेत होते. बोर्डापुढे उभं राहून काय बोलायचं ते मनात घोळवत होते. इकडे धाकटीनं मात्र प्रत्येक चिठ्ठी तीनतीनदा तपासायला सुरुवात केली. गोल भरायचा, बटणं मोजायची, पुन्हा गोलाकडे बघायचं. केलेलं आठवत नाही म्हणजे डोकं उतरणीला लागलं, असं ती माझ्या दिराला सांगत होती. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग तिनं सांगितलं की ती शाळेतून नाव काढून घेणार आहे.

मला नाचायला हवं होतं. पण हातातली कात्री कापडातच थांबली. ती गेली तर मी पुढे जाणार कोणाच्या? बाकीच्यांना हरवण्यात मला काडीचा रस नव्हता. आणि इतकी वर्षं जिच्यावर जळले, ती खोट्या ठिपक्यानं घरी बसणार, म्हणजे मी तिला हरवलं नाही, हे मला मरेपर्यंत ठाऊक राहणार होतं.

त्या दुपारी बाई रजेवर जाण्यापूर्वी चाव्या द्यायला वर्गात आल्या, तेव्हा मी धाकटीला हाताला धरून त्यांच्यापुढे नेलं आणि म्हटलं, "तो ठिपका मी भरला. वही उघडून. आणि माझं वर्तुळ तिचं बघून काढलेलं आहे."

धाकटीनं आपला हात सोडवून घेतला. माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता दोन चुली होणार.

बाईंनी तिला विचारलं, वर्ग घेशील का?

"घेईन," ती म्हणाली. "पण जाऊबाई पहिल्या बाकावर हव्यात मला, अगदी माझ्या नाकासमोर. मागं बसल्या तर कोणाच्या वहीत शिरतील, नेम नाही."

वर्गातल्या बाया हसल्या. मी मान खाली घालून पहिल्या बाकावर जाऊन बसले. चार दिवस ती माझ्याशी दुकानात कामापुरतंच बोलली. घरी तेवढंही नाही.

वर्गात मात्र मी हात वर केला की ती उत्तर देत होती. वक्र दूर गेला की एकच्या आडव्या रेघेजवळ का सरकतो, ते तिनं असं सोपं करून सांगितलं की मागच्या बाकावरच्या म्हातारीलाही कळलं. तसं मला सात जन्मांत सांगता आलं नसतं. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि उतरवताना आतल्या आत जळत होते.