हमदूनांचा कापराचा करंडा

"झाकण आधी दाब, मग कडी लाव. कापूर म्हणजे पाहुणा गं, दार किलकिलं दिसलं की न सांगता निघाला!"

हमदूना आपल्या दासीला, मुहजाला, रोज हेच सांगत. मित्रांनो, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी एक जुना हस्तिदंती करंडा आहे. दूर पश्चिमेकडच्या, मुसलमानी राज्यातल्या कुर्तुबा शहरात, मोठ्या नदीच्या काठी माझे आयुष्य गेले.

माझा जन्मच मुळी हादऱ्याने झाला. मी एका अजस्र प्राण्याचा दात होतो. समुद्र ओलांडून आलो आणि सादून नावाच्या कारागिराने माझ्यावर करवत ठेवली. केवढा दचकलो मी! पण सादूनचा हात मायेचा होता. काम करताना तो हळू आवाजात अल्लाचे नाव घेई. वेलीच्या एकेका पानाला एकेक नाम. वेलींत त्याने मोर बसवले, हरणे बसवली, आणि झाकणाच्या कडेने कोरले, 'या करंड्याच्या मालकिणीला अल्लाची कृपा आणि सौख्य लाभो.' मग आला सोनार. चांदीची बिजागरी बसवताना त्याने खिळा थेट मोराच्या गळ्यात ठोकला.

"अरे, मान होती ती!" सादून ओरडला.

"मग झाकण काय तुझ्या मोराच्या चोचीला टांगू?" सोनार म्हणाला.

लग्नात मी हमदूनांकडे आलो. तरुणपणी त्यांनी माझ्यात कस्तुरी ठेवली. केस पिकल्यावर कापूर भरला, तो उडू नये म्हणून सोबत मिरीचे दाणे टाकले आणि किल्ली मुहजाच्या कमरेला बांधली. तो कापूर त्यांच्या अखेरच्या आंघोळीसाठी होता. माणूस गेल्यावर त्याला घालायच्या शेवटच्या पाण्यात कापूर पडावा, अशी तिथली रीत. हमदूना नमाज चुकवत नसत, तशी माझी विचारपूसही चुकवत नसत.

पूर्वी पाहुणे मला उजेडात धरून म्हणत, "अगदी दह्यासारखा पांढरा!" पुढे मी पिवळा पडलो. हमदूनांची सून बुसैना एकदा म्हणालीच, "सासूबाई, हा तर म्हाताऱ्याचा दात दिसतो."

"दातच आहे तो. घरात एक म्हातारीही आहे. दोघांना नांदू दे की!"

सून हसली, पण माझे पिवळेपण तिच्या मनातून गेले नाही. त्या उन्हाळ्यात सासूबाईंनी अंथरूण धरले. त्यांना बरे वाटावे, डोळ्यांना काही छान दिसावे, म्हणून बुसैनाने किल्ली मागून घेतली, माझ्यातला कापूर काढला आणि मला गच्चीवर उन्हात ठेवले. हस्तिदंत उन्हाने उजळतो, हे तिने ऐकले होते. खरेच उजळलो मी! पण कुर्तुब्याचे ते ऊन! फरशीवर पाय ठरत नव्हता. माझे अंग आतून कडकडले. झाकण मागच्या बाजूने वाकले आणि बिजागरीपाशी फट पडली. कुणी मागे वळवून पाहिलेच नाही. बुसैनाने प्रेमाने कापूर परत भरला, कडी लावली, किल्ली मुहजाला दिली. हमदूना मला पाहून लहान मुलीसारख्या हसल्या.

आणि त्याच दिवसापासून पाहुणा निघाला. रोज थोडाथोडा. मालकिणीच्या आजारपणात मला उघडून बघायला कुणाला सवड नव्हती. मी कळवळत होतो, पण मला तोंड कुठे होते?

एका संध्याकाळी हमदूनांनी मुहजाचा हात धरला. "शेवटच्या पाण्यात कापूर तूच घाल हं. नाहीतर रडत बसशील, मेली, आणि विसरशील."

"विसरायला मी काय तुम्ही आहे, मालकीण? घालीन. शब्द दिला."

थंडीत, एका सकाळी, हमदूना गेल्या. आंघोळ घालायला उम्म खलील ही वयस्क बाई आली. तिनांपैकी दोन पाणी झाली. "आता कापूर आणा गं, पाणी निवतंय."

मुहजाने किल्ली लावली. झाकण उघडले. आत फक्त मिरी होती.

मुहजा आत बोटे फिरवत राहिली, जणू कापूर कुठेतरी लपला असेल.

"किल्ली कुणाकडे होती?" बुसैनाचा आवाज चिरकला. "जिच्या हातचं खाल्लं, तिचाच अखेरचा कापूर विकलास? हो बाहेर! त्यांना हात लावू नकोस."

"बाईसाहेब, कुराणाची शपथ..."

"शपथ घेऊ नकोस!" तिने मला हिसकावले, झाकण आपटून कडी लावली आणि उम्म खलीलपुढे गदगदा हलवले. "बघा, ऐका! आहे का काही आत?"

तेवढ्यात बंद करंड्यातून मिरीचा एक दाणा टपकन फरशीवर पडला.

सगळ्या त्या दाण्याकडे पाहतच राहिल्या. मग बुसैनाने मला सावकाश उलटे फिरवले आणि ती फट तिला दिसली. तिचा चेहरा माझ्याहून पांढरा झाला.

मित्रांनो, इथेच तुमच्याकडे एक मागणे मागतो. जुनी वस्तू जपा, पण तिचे वय तिच्या अंगावर राहू द्या. चकाकवणे म्हणजे जपणे नव्हे. आणि डबा रिकामा दिसला, तर माणसाला चोर म्हणण्याआधी डबा एकदा मागच्या बाजूनेही पाहा. वस्तूची फट दिसते तरी. असल्या शब्दाने माणसाला पडलेली फट दिसत नाही.

"मीच उन्हात ठेवला होता," बुसैना म्हणाली. "मुहजा, मीच गं! मला..." तिने हातातले कंकण ओढून काढले आणि मुहजापुढे धरले.

मुहजाने कंकण घेतले. "माफी तुमची तुम्ही मागा, त्याच्याकडे," ती वर पाहून हळूच म्हणाली. मग उम्म खलीलकडे वळली. "मावशी, पाणी निवू देऊ नका. तिसरं पाणी मी आल्याशिवाय घालू नका."

तिने डोळे पुसले, झगा खांद्यावर घेतला, दार आवाज न करता ओढले आणि कंकण मुठीत धरून ती कापूर मिळे त्या अत्तरवाल्यांच्या गल्लीकडे चालू लागली.