दाराशी थांबलेली कॅसेट

“आधी बटण बंद कर, मग हिला हात लाव. जेवणाऱ्याच्या पुढचं ताट कुणी ओढतं का?”

मावशीचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. मित्रांनो, मी एक जुनी, करड्या रंगाची व्हिडिओ गेमची कॅसेट आहे. कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जणी एका दिवसात जन्मल्या. प्रत्येकीच्या पोटात बटणाएवढा एक सेल बसवला होता. खेळणारा कुठवर पोहोचला, त्याने कुणाला सोबत घेतलं, हे सगळं आम्ही त्या सेलच्या जिवावर लक्षात ठेवतो.

मी आले ती घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईकडे. तिची तिशीतली भाची तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणते. दुपारी दुकान मिटलं, हात धुतले, की मावशी एक तास खेळायची. तो तिचा नेमच होता. अंगात ताप असला तरी तिने तो मोडला नाही.

माझ्यात एका वाटसरूची भूमिका घेऊन जग वाचवायला निघायचं असतं. माझ्या शेजारी डावपेचांची, सैन्याच्या लढायांची एक कॅसेट होती. दोघींबद्दल मावशीची मतं रोखठोक. माझ्याबद्दल म्हणायची, जग बुडायला आलंय आणि हिच्यातला म्हातारा मला हरवलेली कोंबडी शोधायला पाठवतो. राक्षसापेक्षा बोळातले उंदीरच जास्त जीव खातात. मला वाईट वाटायचं, कारण ते खरं होतं. शेजारणीचं मात्र ती कौतुक करायची. एकदा त्या खेळात तिने पन्नास शिपाई पाठवले, नऊ परतले, आणि पडद्यावर आलं ‘उत्तम विजय’. मावशीने ती कॅसेट काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “या खेळाला हुशारी लागते म्हणतात. मला वाटतं, विसराळूपणा लागतो.”

त्यानंतर ती माझीच झाली. माझ्यात एक लंगडा हमाल आहे. लढाईत कुचकामी. सगळे त्याला पहिल्याच गावात सोडून पुढे जातात. मावशीने त्याला शेवटच्या दारापर्यंत नेलं. एकशे चाळीस तास लागले.

आणि दाराशी ती थांबली. दार उघडलं की खेळ संपणार, हमाल आपल्या घरी जाणार. अकरा वर्षं तिने ते उघडलं नाही. रोज यायचं, हमालाशी चार शब्द बोलायचे, तिथंच जतन करून ठेवायचं. भाची विचारायची, लग्नबिग्न ठरलंय की काय त्याच्याशी?

मग मावशीचे डोळे अधू होत गेले. आधी घड्याळाचे काटे दुहेरी दिसू लागले, मग अक्षरं पुसट झाली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फार तर तीन महिने दिसेल. दुकान भाचीने हाती घेतलं. ती चिमटा फार सफाईने धरते, म्हणून मावशी तिला चिमटी म्हणते.

“चिमटे, आता दार उघडू या,” एका दुपारी मावशी म्हणाली. “त्यामागे उजेड असतो म्हणतात. तेवढा मला दिसेल. अक्षरं तू वाच.”

चिमटीने शब्द दिला.

पण माझा सेल थकला होता. सुरू होताना मी दोनदा अडखळले. ऐन वेळी दगा नको, म्हणून चिमटीने दुसऱ्या दिवशी सकाळी तो बदलायला घेतला. शिकवल्याप्रमाणे आधी खेळाच्या यंत्राचं बटण बंद केलं, मला काढून दुकानाच्या मेजावर ठेवलं. मग मला उघडून जुना सेल काढला, नवा बसवला. दिवसाला दहा घड्याळांचे सेल ती असेच बदलते. घड्याळ पुन्हा चालू लागतं, वेळ तेवढी लावून द्यायची. मी घड्याळ नव्हते. मला यंत्रातच ठेवून, बटण चालू असताना सेल बदलला असता, तर यंत्राच्या विजेवर मला खेळातलं सगळं आठवत राहिलं असतं. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. मला ओरडता आलं नाही.

दुपारी पडद्यावर दोनच शब्द आले, ‘नवा खेळ’. चिमटीने मला तीनदा काढून घातलं. मग मावशीला सांगितलं.

“हमाल?” मावशीने विचारलं.

“कुणीच नाही गं, मावशी.”

“मीच सांगितलं होतं, आधी बटण बंद म्हणून. सेलचं वेगळं असतं, ते सांगायचं राहून गेलं.”

“मी पहिल्यापासून खेळते. तुला दारापर्यंत नेते.”

“रोज एक तास धर, पाच महिने होतात. माझ्याकडे तीन आहेत. आणि तू तर पहिल्याच पुलावरून पडतेस.” तिने खुर्ची भिंतीकडे वळवली.

मित्रांनो, माझ्या पोटात आता पंधरा वर्षं टिकेल असा सेल आहे, आणि खेळाच्या आठवणीत काही नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला उघडण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. आणि एखादं दार उघडायचं राहिलं असेल, तर डोळे शाबूत आहेत तोवर उघडा. आम्ही कितीही जपलं, तरी ते तुमच्यासाठी धरून ठेवणं आमच्या हातात नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान मिटलं. चिमटीने हात धुतले, कोरड्या फडक्याने माझी टोकं पुसली. मावशीची खुर्ची भिंतीकडेच होती. पडद्याने नाव विचारलं, चिमटीने मावशीचं घातलं. पुलावरून ती दोनदा पडली. तिसऱ्यांदा पार झाली. गावाच्या वेशीवर लंगडा हमाल बसला होता. भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती त्याचं बोलणं वाचू लागली, “ओझं असलं तर द्या. मी हळू चालतो.”