पुसाच्या थंडीत अडकलेला जादा गिअर

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि जुन्या माणसांसारखी थोडी तिरसटही आहे. हसू नका! विलायतेत माझा जन्म झाला, मुंबईच्या बंदरावर उतरले आणि चांदा जिल्ह्यात बांबूचे ठेकेदार गुणवंतराव यांच्याकडे आले. माझ्या पोटात नेहमीच्या गिअरांमागे एक जादा गिअर होता. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणत. सपाट रस्त्यावर तो लागला की इंजिनाची धाप कमी व्हायची. लोक केवढं कौतुक करायचे माझं! पण त्याचा एक कडक नियम होता. तो लागलेला असताना मला वीतभरसुद्धा मागे न्यायचं नाही, नाहीतर गिअरपेटीचा चुराडा. माझे ड्रायव्हर लटारूभाऊ हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळत.

१९५५ सालच्या पूस म्हणजे पौष महिन्यात आम्ही चामोर्शीपलीकडच्या एका जंगलगावात होतो. माझ्या गिअरपेटीतलं तेल गळून गेलं होतं, आणि नवं तेल मिळणार ते थेट चांद्याला. तिथल्या सोनीबाईने घरातलं मडकं आणून दिलं. मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल!

"आमच्या बैलबंडीच्या आसाले हेच देतो, भाऊ. बंडी कुरकुर नाई करत."

लटारूभाऊंनी ते बोटांत चोळून पाहिलं आणि ओतलं. मला काही ते रुचलं नाही, पण मला विचारतो कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनीबाईचा नवरा लालसू बांबू तोडायला गेला आणि अस्वलाने त्याला फाडलं. चांद्याच्या दवाखान्यात वेळेत पोचला तरच तो जगणार होता, आणि माझ्याशिवाय त्या मुलखात दुसरी मोटार नव्हती. मागच्या सीटवर घोंगडीत लालसू आणि त्याच्या उशाशी सोनीबाई. लटारूभाऊंनी जादा गिअर लावून मला अक्षरशः पळवलं. वाटेतल्या नाल्याच्या गार पाण्यात मी पोटापर्यंत बुडाले. बाहेर आल्यावर त्यांनी जादा गिअरचं बटण बंद केलं. आता माझा आवाज बदलायला हवा होता. तो बदलला नाही.

"उतरला नाई वाटते," ते पुटपुटले. पण लालसू कण्हत होता, थांबायला सवड कुठली!

वैनगंगेच्या घाटावर नावाडी देवाजी उभा होता. दोन डोंगे बांधून वर फळ्या ठोकलेली त्याची नाव. तिला एकाच बाजूने वाट, म्हणजे चढायचं सरळ आणि उतरायचं उलटं. मी सरळ चढले. पलीकडे पोचल्यावर नाव फिरवून तेच तोंड काठाला लावलं आणि देवाजी ओरडला, "घ्या मागं!"

लटारूभाऊंचा हात दांडीवरच थिजला.

"काऊन थांबले? माणूस मरून राह्यला ना! आम्ही ढकलतो," देवाजी म्हणाला.

"ढकललं तरी तेच! जादा गिअर अडकून हाय. पेटी फुटली तं ही इथीच बसते, अन् चांदा अजून तीस मैल हाय."

लटारूभाऊ माझ्या खाली शिरले. सोनीबाईला बटण दाबायला सांगितलं. टक् असा आवाज आला. "तार ठीक हाय. म्हणजे रोग तेलात." त्यांनी बाजूचं बूच काढून बोट घातलं. बोटावर पांढरट गोळा आला, गोठलेल्या तुपासारखा.

तो पाहून सोनीबाई ओरडली, "हे तं माह्यं टोळीचं तेल! म्याच मारलं माह्या माणसाले!" तिने कपाळ बडवून घेतलं. मित्रांनो, त्या वेळी मला माझीच लाज वाटली.

"रडू नको, बाई. घरी हे गोठलं तं काय करता, ते सांग."

"चुलीपाशी ठेवतो," ती हुंदका गिळत म्हणाली. "शेकलं की पाणी होते."

पण लाकडी नावेवर, पेट्रोलच्या टाकीजवळ जाळ करणार कसा? काठावरच्या चुलीवर नावाड्यांची न्याहरीची पेज रटरटत होती. देवाजीने ते पेजेचं मडकंच उचलून आणलं. लटारूभाऊ उकळत्या पेजेत पोती बुडवून माझ्या पेटीला गुंडाळू लागले. हात पोळले. एक पोतं, दुसरं, तिसरं. लालसूचं कण्हणं थांबलं.

"श्वास हाय का?"

"हाय! पण लवकर करा, भाऊ!"

आणि माझ्या आत काहीतरी खट् करून सुटलं. जादा गिअर पुन्हा लागू नये म्हणून लटारूभाऊंनी बटणाची तारच उपटून टाकली, मागे जायचा गिअर टाकला आणि डोळे गच्च मिटले. मी मागे सरकले. काहीही मोडलं नाही!

लालसूचा एक डोळा गेला, पण जीव वाचला.

चार दिवसांनी गुणवंतरावांनी पेटी उघडवली आणि आतली घाण पाहून ते कडाडले, "कोणी ओतलं हे?" लालसूची खबर द्यायला आलेली सोनीबाई पुढे होणार, तोच लटारूभाऊ म्हणाले, "म्या ओतलं, साहेब. मिस्त्रीले विचाराले पाह्यजे होतं. चूक माही हाय." त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली.

मित्रांनो, आमच्या पोटात काय घालायचं ते आधी जाणत्याला विचारत जा. आणि कोणी चुकलाच, पण समोर येऊन त्याने चूक कबूल केली, तर त्याला हाकलू नका. माझ्यावर पुढे सात ड्रायव्हर आले. बिघाड झाला की सातही जण आधी दुसऱ्याचं नाव सांगायचे.