बायकांच्या डब्यातली सोळावी जागा

दारात एवढी माणसं आणि एकाच्याही हातात घागर नाही, हे बघून गुरुपादप्पा गल्लीच्या तोंडाशीच थांबला.

त्या उन्हाळ्यात लातुरात कुणाच्या दारात माणसं जमली तर कारण एकच असायचं, टँकर. लग्नाला पाहुणे कमी पडायचे, टँकरला कधी पडले नाहीत. लोक घागर, कळशी, बादली, तेलाचा डबा, जे हाताला येईल ते घेऊन पळायचे. मोकळ्या हातानं उभी राहिलेली माणसं गुरुपादप्पानं तीन महिन्यांत बघितली नव्हती. तो मुरुडहून आला होता, काखेत पिशवी, पिशवीत मोजायचा टेप, वही आणि दोन पेन्सिली. शेजारची बसम्मा पुढं आली.

"अण्णा, पिशवी द्या इकडं."

"टँकर गेला का?"

"टँकर आलाच न्हाई," बसम्मा म्हणाली. "शिवम्मा गेली."

सकाळी शिवम्मा, गुरुपादप्पाची बायको, नळाच्या रांगेत उभी राहिली. नंबर लागला, घागर भरली. मग भिंतीला टेकून "जरा बसते" म्हणाली आणि बसली ती उठलीच नाही. घागर लोकांनी घरी आणून ठेवली होती, काठोकाठ. तिच्या आंघोळीला तेवढंच पाणी होतं. म्हणजे जाताना आपलं पाणीसुद्धा ती स्वतःच भरून गेली. नवऱ्यावर विसंबून राहायची तिला सवय नव्हती, आणि नवऱ्यानं ती लावलीही नव्हती.

गुरुपादप्पाला निरोप मिळाला नव्हता असं नाही. मुरुडच्या स्टेशन मास्तरानं डब्याच्या दारात येऊन स्पष्ट सांगितलं होतं, "लातूरहून फोन आला, तुम्हाला घरी बोलावलंय, लवकर." गुरुपादप्पा तेव्हा बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या डब्यात गुडघ्यावर बसून बाकाची उंची मोजत होता.

"टँकर आला असंल," तो म्हणाला होता. "बायको हाय घरी. भरती ती."

आणि त्यानं वहीत लिहिलं, बाक, सतरा इंच. मग बाकाची रुंदी घेतली, पाठीचा कल घेतला, खिडकीच्या दांड्या मोजल्या आणि आपल्या वेळेनं येणाऱ्या गाडीनं आपल्या वेळेनं घरी आला. मापं मात्र सगळी बरोबर आली होती.

गुरुपादप्पाचं गोलाईच्या बाजाराजवळ ट्रंका आणि बादल्यांचं दुकान. दुष्काळात धंदा बरा चालला होता. पाणी सोडून पाण्याचं सगळं खपत होतं. पण त्याचा जीव दुकानात नव्हता. तो होता मागच्या खोलीत, तीन फळ्यांवर. तिथं त्यानं लातूर ते मुरुड छोटी रेल्वे मांडली होती. एका फुटाला अर्धा इंच, या मापानं. डबे तुपाच्या डब्यांच्या पत्र्याचे, दांड्या छत्रीच्या काड्यांच्या, रुळाखालचे स्लीपर बाभळीच्या फोकांचे. खऱ्या गाडीच्या दोन रुळांत अडीच फूट अंतर, म्हणून याच्या रुळांत सव्वा इंच. खिडकीत अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, फरक पडला तर तो अख्खा डबा मोडायचा. शेजारी म्हणायचे, गुरुपादप्पा लई बारकाईचा माणूस. शिवम्मा म्हणायची, "हाव. भाजीत मीठ न्हाई हे मात्र दोन दिवसांनी कळतं."

सोळा वर्षांत तिनं त्या रेल्वेबद्दल एकच तक्रार केली. "तुमच्या गाडीत माणसं न्हाईत. नुसते बाक."

"माणसं मापात बसत न्हाईत," तो म्हणाला.

मग तिनंच माणसं करायला घेतली. हरभऱ्याच्या दाण्याचं डोकं, काडीचं अंग, त्यावर जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. बायकांच्या डब्यात सोळा जागा होत्या, तिनं पंधरा बायका केल्या. कडेवर पिशवी घेतलेली बसम्मा, तोंड फिरवून बसलेली नणंद, तंबाखूची चंची सोडणारी मुरुडची शांतम्मा. खिडकीकडची जागा तेवढी मोकळी राहिली.

"इथं कोण?"

"मी. पण माझं मला कसं करता येईल? ते तुम्ही करा. माझं माप तुमच्याकडं असंलच."

"हाव, करतो," असं म्हणून त्यानं त्या पंधराही जणींना मापात नाहीत म्हणून तुपाच्या डब्यात भरून ठेवलं. मग चार महिन्यांनी, बसलेली बायको करायची तर आधी बाक नीट पाहिजे, म्हणून तो टेप घेऊन मुरुडला गेला. खरी बायको रोज चुलीपुढं बसलेली असायची, दहा पावलांवर. पण ती मोजायला गाडीनं जावं लागत नव्हतं.

लिंगायतांत मयताला बसवून पुरतात. खड्डा किती घ्यायचा हे मयताच्याच पावलानं ठरतं, नऊ पावलं लांब, नऊ पावलं रुंद. खणणाऱ्यानं विचारलं, "पाऊल किती?" सगळ्यांनी गुरुपादप्पाकडं बघितलं. गल्लीत मापाचा माणूस तोच.

"दहा इंच," तो लगेच म्हणाला. दर दिवाळीला तो तिला दहा इंचाची चप्पल आणत होता.

विधीला आलेल्या स्वामींनी सुतळी घेतली, शिवम्माच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली आणि गाठ मारली. गुरुपादप्पानं खिशातून टेप काढून सुतळीला लावला. अशा वेळीसुद्धा टेप त्याच्या खिशात होता, हे लोकांनी बघितलं. पावणेनऊ इंच. सव्वा इंचाचा फरक.

घरी आल्यावर त्यानं दाराआडची तिची चप्पल उचलली. दोन्ही चपलांत अंगठ्याशी चिंध्या कोंबलेल्या होत्या. तिनं त्याला कधी सांगितलं नाही, आणि तो खाली बघायचा तो रूळ बघायला.

सुतळी त्यानं खिशात ठेवली.

मुलगी रत्नम्मा नांदेडला दिलेली. ती आली, रडली, पंधरा दिवस राहिली आणि मग वडिलांना न्यायला बसली.

"अप्पा, नांदेडला चला. हितं एकटं काय करून राहिलात?"

"नांदेडला मीटर गेज हाय, रूळ रुंद."

"मग?"

"माझी गाडी तिथं चालायची न्हाई."

"तुमची गाडी फळीवर चालती, अप्पा. फळ्या नांदेडलाबी मिळतात." रत्नम्मानं पदरानं डोळे पुसले. "सोळा वर्षं आई तळपायातून पत्र्याचे तुकडे काढून राहिली. त्या पायाचं माप तुम्हाला सांगता आलं न्हाई, चार माणसांत."

रत्नम्मा एकटीच गेली. जाताना तिनं चार महिन्यांचं तिखट करून ठेवलं आणि बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या. आपल्या बापाला तिखट आणि हळद यांतला फरक कळेल याची तिला खात्री नव्हती.

पाऊस जूनमध्ये यायचा तो आला नाही. जुलैत आला तो प्रदर्शन समितीचा सचिव लक्ष्मणराव, मूळचा नांदेडकडच्या लोह्याचा. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत होती आणि नव्या जिल्ह्यानं काय काय केलं ते ऑगस्टात लोकांना दाखवायचं होतं. लोकांना ते आपलं आपण दिसत नव्हतं, म्हणून प्रदर्शन. लक्ष्मणरावानं तिन्ही फळ्या कमरेत वाकून बघितल्या.

"फर्स्ट क्लास. फक्त दोन-तीन गोष्टी. रूळ जरा रुंद करा. आपल्याकडं मोठी रेल्वे येणार हाय."

"कधी?"

"आधी प्रदर्शनात येऊ द्या. आणि ही नदी कोरडी काऊन हाय?"

"मांजरा कोरडी हाय म्हणून."

"हे विकास प्रदर्शन हाय गुरुपादप्पा, पंचनामा न्हाई. निळा रंग मारा जरा." मग त्याचं बोट बायकांच्या डब्यावर थांबलं. "ही खिडकी झकास दिसती समोरून. उद्घाटनाचे पाव्हणे बसवू हितं. कोट, फेटा, हात बाहेर काढलेला."

"तो बायकांचा डबा हाय."

"प्रदर्शनात कोण बघतंय?"

"बायका बघतील."

लक्ष्मणराव हसला. "बरं, मग ही खिडकी कुणासाठी ठेवायची?"

"घरच्यांसाठी."

शिवम्माचं त्याला ठाऊक होतं. त्यानं खिडकीवरचं बोट काढून घेतलं. पण समितीचा माणूस किती वेळ बोट आवरणार? "मग बसवा त्यांना," तो म्हणाला. "माझी ना न्हाई. पण पंधरा ऑगस्टच्या आत. रिकामी जागा प्रदर्शनात बरी दिसत न्हाई. त्या न्हाई बसल्या तर पाव्हणे बसतील."

त्या दिवशी गुरुपादप्पानं तुपाचा डबा उघडला. मापात नसलेल्या पंधरा बायका एकेक काढून बाकावर बसवल्या आणि पट्टी लावली. बसल्यावर सव्वा इंच. दुसरी सव्वा इंच. तिसरी सव्वा. बसम्मा तेवढी एक सूत जास्त निघाली, आणि त्याला आठवलं की खरी बसम्मा गल्लीत सगळ्या बायकांत उंच होती. शिवम्माच्या हातात कधी पट्टी बघितली नव्हती त्यानं. तिनं माणसांकडं बघून माणसं केली होती, एवढंच. सहा महिने बरोबर मापाच्या बायका डब्यात झाकून ठेवून त्यानं हरभऱ्याला भुंगा लावला होता. नणंदेच्या कपाळात भोक पडलं होतं. डोकं पोकळ, या एका बाबतीत मात्र नणंद आधीपेक्षा जास्त खरी दिसत होती, असं शिवम्मा म्हणाली असती.

मग तो शिवम्मा करायला बसला.

हातात एकच माप होतं, सुतळीचं. पावणेनऊ इंचाचं पाऊल म्हणजे त्याच्या मापात तीन सुतांना जरा कमी. बाभळीच्या तुकड्यातून त्यानं दोन पावलं कोरली. तीन वेळा मोडली, चौथ्यांदा जमली. बारीक कानशीनं टाचा घासल्या. डाव्या टाचेला भेग होती का उजव्या, हे आठवेना, म्हणून दोन्ही गुळगुळीत ठेवल्या. पुढं घोटा. पुढं गुडघा. पुढं काय करायचं ते माहीत नव्हतं. बसताना ती मांडी घालायची का एक गुडघा वर घ्यायची? पदर डोक्यावरून का खांद्यावरून? त्यानं वही काढली. वहीत सोळा वर्षांची मापं होती, बफर, दांडी, कडी, पायरी, पाण्याच्या टाकीची तोटी. बायकोचं पान नव्हतं.

तो बसम्माच्या दारात गेला. बसम्मा तांदूळ निवडत होती.

"बसम्मा, हिची मोरणी कुठल्या नाकपुडीत होती?"

बसम्मानं सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडं बघत राहिली.

"डाव्या," ती म्हणाली. "अण्णा, चाळीस वर्षं तुम्ही बघत कुठं होता?"

"रुळाकडं."

"मग आता काय करून राहिलात?"

"बघून राहिलो."

"आता?" बसम्मा म्हणाली आणि तिनं सूप उचललं. तांदूळ निवडता निवडता आपणच बोलली, "बसताना उजवा गुडघा वर घ्यायची. दुखायचा तिचा. आणि डोकं असं जरासं खिडकीकडं. हवा लागू दे म्हणायची."

त्यानं ते वहीत लिहिलं. पण गुडघा किती वर, डोकं किती खिडकीकडं, हे बसम्माला इंचात सांगता आलं नाही. हरभऱ्याचे आठ दाणे त्यानं रंगवले. आठही दाण्यांवर डोळे-नाक नीट आले, मोरणी डावीकडं आली, आणि आठही कुणी परक्याच बायका झाल्या. अंदाजानं करावी, असं एकदा मनात आलं. बाकीच्यांना काय कळणार? पण अंदाजानं त्यानं तिला चाळीस दिवाळ्या चपला आणल्या होत्या.

चौदा ऑगस्टला लक्ष्मणराव हातगाडी घेऊन आला. गुरुपादप्पानं तिन्ही फळ्या दिल्या, इंजिन दिलं, बाकीचे डबे दिले. बायकांचा डबा कपाटावर ठेवला.

"हे काय?"

"तो डबा दुरुस्तीला हाय."

"मग पाव्हणे कुठं बसवू?"

"गार्डाच्या डब्यात. तिथं उभं राहायला जागा हाय, झेंडा दाखवायलाबी बरं."

प्रदर्शन झालं. रूळ रुंद करायला वेळ नव्हता म्हणून मोठी रेल्वे एका पाटीवर लिहून टाकली. मांजरेत समितीनं निळा जिलेटिन कागद अंथरला, त्यावर दोन बदकं सोडली. फेट्यातले छोटे पाहुणे गार्डाच्या डब्यात हात वर करून उभे होते. खरे पाहुणे आले नाहीत. गर्दी मात्र दांडगी झाली, आणि ती सगळी नदीपाशी. एक म्हातारी कागदाकडं बघत स्वयंसेवकाला विचारत होती, "बाबा, हे पाणी कुठलं?"

"मांजरेचं, आजी."

"कवा सुटतं?"

तिच्या काखेत कळशी होती. गुरुपादप्पानं ती बघितली. तो तिथं दोन्ही हात मोकळे घेऊन उभा होता. मग तो घरी आला. बक्षीस म्हणून मिळालेला नारळ त्यानं बसम्माला दिला.

फळ्या परत आल्या. निळा कागद त्यानं काढून टाकला. बायकांचा डबा कपाटावरून खाली काढून लातूर स्टेशनात, फलाटाला लावून उभा केला. आत पंधरा बायका बसल्या आहेत. नणंदेच्या कपाळातलं भोक त्यानं मेणानं बुजवलंय. खिडकीकडच्या जागेसमोर, खाली, बाभळीची दोन पावलं ठेवली आहेत, तीन सुतांना जरा कमी. सुतळी अजून त्याच्या सदऱ्याच्या खिशात असते.

पावलं झाली आहेत. बाकीची शिवम्मा करायची राहिली आहे.